पाणी दावलंय

आमच्या ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं ते कापड बेतायच्या टेबलाशीच. हातात कातर होती. ती आधी खाली पडली आणि मी आतल्या खोलीतून ओरडले, "अहो, हळू! धार जाईल की तिची!" मागोमाग ते पडले. नवरा कोसळत होता आणि मी कातरीच्या धारेची काळजी करत होते. माझं तोंड हे असं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि चौदाही वर्षं मी आधी बोलायची आणि मग बघायची.

कराडला घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात आमचं शिवणकामाचं दुकान होतं. 'आमचं' आपलं म्हणायचं. दुकान, त्यातल्या चार मशिनी आणि मागच्या दोन खोल्या, सगळं पेठेतल्या एका कापडवाल्या शेठचं. शेठ त्याला कारखाना म्हणायचे. हे तिथले मास्तर. कापड बेतायचं ह्यांनी, शिवायचं चौघा शिंप्यांनी. ह्यांची नजर अशी की माणसाच्या खांद्याकडे नुसतं बघून सांगायचे, एवढ्यात सदरा बसेल किंवा बसणार नाही. टेप गळ्यात असायची ती शोभेला. शिकलेले नव्हते, पण सगळी पेठ 'मास्तर' म्हणायची आणि त्या एका शब्दावर हे जगायचे.

वारं गेलं तशी वाचाही गेली. वैद्य म्हणाले, येईल हळूहळू. महिन्याभरात तीन शब्द आले, 'अगं', 'न्हाई' आणि 'पाणी'. डावा हात तेवढा चालायचा. आत एकटे पडले की रडायचे, लहान मुलासारखे, आवाज काढून. म्हणून मी त्यांची बाज दुकानातच, बेतायच्या टेबलाशेजारी आणून टाकली. मशिनींची घरघर सुरू झाली की गप्प व्हायचे. डोळे मात्र टेबलावर.

मग एक दिवस शेठ आले. टेबलावर बसले, ह्यांच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं आणि मला म्हणाले, "वहिनी, साताऱ्याच्या एका बोर्डिंगचे दोनशे खाकी सदरे आहेत. सहा आठवड्यांत हवेत. तुम्ही निभावून न्याल तर कारखाना तुमच्याकडे राहील. नाहीतर कोल्हापूरचा एक कटर यायला तयार आहे. बिऱ्हाडासकट येईल तो, खोल्या लागतील त्याला."

ह्यांनी ते ऐकलं. डाव्या हातानं बाजेची सुंभं घट्ट धरली. बोलता येत नव्हतं, ऐकू तर सगळं येत होतं ना. मशिनीच्या आवाजाबाहेर हा माणूस चार दिवस जगणार नाही, हे मला दिसत होतं. मी शेठला म्हटलं, "निभावते." कातर तोवर मी पोलक्यांपलीकडे कशाला लावली नव्हती.

आता माझी हुशारी सांगते. खरंच हुशारी होती ती, उगीच नाकारत नाही. एक अख्खा दिवस मी उंबऱ्यावर बसून नुसतं बघितलं. कोण किती वेळा उठतो, कशासाठी उठतो. चौघांत कातर एक, ती दिवसभर इकडून तिकडे फिरायची. रीळ संपलं की उठायचं, इस्त्रीचे कोळसे फुंकायला उठायचं, उठलं की तंबाखू, तंबाखू काढली की लढाईच्या गप्पा. प्रत्येक जण अख्खा सदरा शिवायचा, गळ्यापासून घेरापर्यंत. पुरणपोळ्या करायला चार बायका बसल्या तर प्रत्येकीनं वेगळी चूल मांडावी, तसा सगळा कारभार!

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येकाच्या मशिनीला सुतळीनं एकेक लहान कातर बांधली. एकानं नुसत्या गळपट्ट्या, एकानं नुसत्या बाह्या, एकानं पाठ-पोट जोडायचं, एकानं घेर मुडपायचा. काजं-बटणं माझी. बटणं मुंबईहून येईनात, तर मी एका कोकणच्या बाईकडून करवंटीची घासून घेतली. दोरा घेताना दुकानदारासमोर हाताला गुंडाळून हिसडायची. तुटला की त्याच्याच समोर टाकून चालू लागायची.

थोरले शिंपी रागावले. ह्यांच्याहून वयानं मोठे, सगळे त्यांना आबा म्हणायचे. "वयनी, तीस वर्सं सदरा शिवतुया मी. आता निसत्या बाह्या? मी काय बाह्यांचा शिंपी व्हय?"

"आबा, हातापाया पडते. सहा आठवडे. मग काय पाहिजे ते शिवा."

"मास्तरांनी सांगितलं आसतं तर आयकलं आसतं," ते म्हणाले आणि बाजेकडे बघितलं. ह्यांनी हलकेच मान हलवली, होकाराची. आबा बाह्यांना बसले. पण त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलू लागले.

कापडाचं तर विचारू नका. लढाईचे दिवस, मिलचं कापड परमिटवर, आणि परमिट हातात पडेतो माणूस म्हातारा व्हायचा. सांगलीच्या एका व्यापाऱ्याकडे खाकी आहे असं कळलं, तिथं गेले. वरचं ठाण झकास. मी म्हटलं, खालचं काढा. तो म्हणे, सगळं एकच आहे. मी म्हटलं, एकच आहे तर काढायला काय जातंय? काढलं. दोन्ही हातांत धरून चोळलं, तशी खळ पिठासारखी खाली पडली आणि आतून जाळी दिसायला लागली. व्यापाऱ्याला तिथंच चार शब्द सुनावले आणि आले परत.

मग कुंडलच्या बाजारात तो विणकर भेटला. पूर्वेकडचा, दुष्काळी गावचा. खांद्यावर घोंगडी, पुढ्यात खाकी ठाणं. सूत आधी रंगवायचं आणि मग विणायचं, हातमागावर. मी चोळलं, खळ बेताची. ओल्या बोटानं घासलं, रंग सुटला नाही. उजेडात धरलं, वीण दाट. जीव भांड्यात पडला माझा. शेवटी विचारायचं ते विचारलं, "पाणी दाखवलंय का ह्याला?"

"व्हय की अक्का," तो म्हणाला. "दोनदा दावलंय."

आमच्या धंद्यात हा प्रश्न म्हणजे सगळ्यात मोठा. ह्यांची रीत अशी की कुठलंही ठाण आलं की ते घाटावर जायचं. नदीत बुडवून वर धोंडा ठेवायचा, दिवसभर पिऊ द्यायचं, दुसऱ्या दिवशी वाळवंटात वाळत घालायचं, मगच कातर. कापड जेवढं आटायचं तेवढं आधीच आटून घ्यायचं. त्याला आम्ही पाणी दाखवणं म्हणायचो. विणकरानं दोनदा दाखवलंय म्हटल्यावर माझ्या मनात लाडू फुटले. सगळ्या ठाणांची घाटावरची खेप वाचली! मी ते काम यादीतून काढूनच टाकलं.

आबांनी एकदाच विचारलं, "वयनी, कापाड घाटावर कवा न्यायचं?"

"न्यायचं नाही. दाखवलेलंच आलंय."

"बरं," आबा म्हणाले आणि बाहीवर वाकले. त्यांना पुढं काही विचारायचं असेलही, पण विचारावं असं माझं तोंडच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिलं ठाण टेबलावर उलगडलं, खडूनं आखलं, कातर हातात घेतली. इतक्यात बाजेवरून आवाज आला, "पाणी."

मी कातर ठेवली, फुलपात्रात पाणी आणलं, तोंडाशी लावलं. ह्यांनी तोंड फिरवलं. मी परत कातर उचलली. "पाणी." परत गेले, परत तोंड फिरवलं. "अगं, पाणी. पाणी." तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. सहा आठवड्यांतला एकेक दिवस माझ्या डोक्यावर बसलेला, आणि ह्यांचं हे! मी म्हटलं, "मागायचं आणि मग प्यायचं नाही, हा काय पोरखेळ मांडलाय? घ्या, गिळा!"

ह्यांनी डावा हात उगारला आणि फुलपात्राला असा फटका मारला की पाणी सगळं टेबलावर, कापडावर.

काय बोलले मी तेव्हा! लिहायला हात धजत नाही. "तुमचं अंग गेलंय, आता माझ्या हातालाही खीळ घाला," हे त्यातलं सौम्य. चौघे शिंपी माना खाली घालून बसले. मी पदरानं कापड टिपलं. तेवढा ओला भाग वाळल्यावर चुण्या पडून गोळा झाला, तेही मी बघितलं, डोळ्यांनी बघितलं, आणि म्हटलं, जळलं मेलं, इस्त्रीत जाईल. मग मी काय केलं असेल? बाज धरली आणि फिरवली. ह्यांचं तोंड भिंतीकडे केलं. म्हटलं, बघायलाच नको आणि मागायलाही नको.

ते दिवसभर भिंतीशी बोलत होते, "पाणी." दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी बोलायचे थांबले. मला वाटलं, आला माणूस ताळ्यावर.

पाचव्या आठवड्यात दोनशे सदरे तयार! गळपट्ट्या एकासारख्या एक, बाह्या आबांच्या हातच्या, त्यात नाव ठेवायला जागा नाही. वेळ वाचावा म्हणून इस्त्रीसुद्धा कोरडीच फिरवली. गाठोडी साताऱ्याला रवाना झाली. शेठ स्वतः दुकानात आले, म्हणाले, "वहिनी, मानलं तुम्हाला. मास्तरांनीसुद्धा एवढं झटपट दिलं नसतं." मी पदर सावरला. भिंतीकडच्या बाजेकडे बघितलं आणि मनात म्हटलं, ऐकलंत का? देवाशपथ, असंच म्हटलं.

पंधरा दिवसांनी साताऱ्याहून बोलावणं आलं, ताबडतोब या. मी आबांना घेऊन सर्व्हिस मोटारीनं गेले. बोर्डिंगच्या मागच्या अंगणात दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांवर खाकी कपडे वाळत घातलेले. इवले इवले. मी तिथल्या व्यवस्थापकांना विचारलं, "तुमच्याकडे एवढी लहान मुलंसुद्धा असतात?"

आबांनी एक सदरा हातात घेतला, बाही ताणून बघितली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वयनी, ही माझी बाही हाय."

व्यवस्थापक रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, दोन दिवसांनी पाहणीला साहेब येणार आहेत. गळ्याचं बटण लागत नाही एकाच्याही. हात मनगटाच्या वर चार बोटं उघडे. मी मुलांना काय घालू?" मला तोंड होतं ना? चौदा वर्षं थांबलं नव्हतं ते. त्या अंगणात एक अक्षर फुटलं नाही. मी तिथल्या धुण्याच्या दगडावर बसले.

परत येताना मोटारीत आबा फक्त एवढंच म्हणाले, "आदी आख्खा सदरा हातात आसायचा. कुनाच्या तरी ध्यानात आलं आसतं."

घरी आले. दुकानात कुणी नव्हतं. एक धुतलेला सदरा मी बरोबर आणला होता, तो ह्यांना दाखवायचं धाडस होईना. पण लपवणार तरी किती? बाजेच्या आणि भिंतीच्या मधे बसले आणि सदरा त्यांच्या छातीवर ठेवला. ह्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी शिवण चाचपली, बाहीची लांबी वितीनं मोजली. आणि म्हणाले, "पाणी."

मी सवयीनं उठले. फुलपात्र भरलं. वळले तर त्यांची नजर पाण्याकडे नव्हती. सदऱ्यावर होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि बोट त्या कापडावर टोचत होतं. "पाणी. अगं, पाणी."

अगं बाई! तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्या सकाळी सहा-सात वेळा ह्यांनी सांगितलं होतं. तीनच शब्द होते त्यांच्यापाशी, त्यातला बरोबर शब्द काढून सांगितलं होतं. सांगून उपयोग होईना तेव्हा त्याच कापडावर पाणी सांडून दाखवलं होतं. आणि मी त्यांचं तोंड भिंतीला लावलं. फुलपात्र हातात तसंच धरून मी रडले. त्यांचे पाय धरले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, तो मला सोसला नाही.

मी हार मानणारी नव्हे. शेठकडे आठ दिवस मागितले. म्हटलं, सगळे उसवते, काखेत आणि बाजूला पट्ट्या घालते, घेराला जोड देते. शेठ हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. कापड हवं होतं. म्हणून कुंडलचा बाजार गाठला. मनात त्या विणकराची कातडी सोलायची ठरवूनच गेले होते. तो होता तिथंच. सदरा मी त्याच्या पुढ्यात फेकला.

त्यानं उचलला, उलटसुलट बघितला. तोंड पांढरं पडलं त्याचं. "आवं अक्का, मी खोटं न्हाई बोललो. आईची आण. रंगवताना सुताला दावलं. मग ताण्यावर शिपडलं. दोनदा."

"शिंपडलं? ह्याला पाणी दाखवणं म्हणतात?"

"आमच्याकडं तर तेवढंच म्हनत्यात," तो म्हणाला. "बाया घागरी घिऊन दोन कोस जात्यात तवा माणसाला प्यायला मिळतंय. आख्खं ठान बुडवायला पाणी आनू कुठनं अक्का?"

माझा राग कुठं गेला कळलं नाही. मी कृष्णाकाठची. आमच्याकडे बैलाला पाणी दाखवलं म्हणजे तो पोट टम्म होईपर्यंत पितो. पण देवाला नैवेद्य दाखवतो तेव्हा देव खातो का? नुसता दाखवतोच ना आपण? तोच शब्द दोघांच्या तोंडी होता, आणि तो उलगडून घ्यायचं मला सुचलं नाही. एकच जास्तीचा प्रश्न विचारला असता, कसं दाखवलंस रे बाबा? सांगलीच्या व्यापाऱ्याला खालचं ठाण काढायला लावणारी मी, आणि इथं गोड बोलणं ऐकून गप्प बसले.

त्यानं पुढ्यातलं एक ठाण उचलून माझ्या खांद्यावर ठेवलं. घे म्हणाला, तसंच घे. मी ते आणलं, घाटावर बुडवलं, वर धोंडा ठेवला, वाळवंटात वाळवलं. साहेबांची पाहणी उरकली तशी सदऱ्यांची गाठोडी साताऱ्याहून परत आली. आबा न बोलावता आले आणि माझ्याबरोबर उसवायला बसले. तीन दिवस आम्ही दोघं उसवत होतो. ह्यांची बाज मी परत टेबलाकडे फिरवली होती. ते बघत होते. तिसऱ्या दिवशी आबांनी एका सदऱ्याला पट्टी घालून तो ह्यांच्यासमोर धरला. ह्यांनी बघितलं आणि मान हलवली. "न्हाई." नवं खाकी जुन्याशी मिळत नव्हतं. धुण्यानं जुनं उतरलं होतं. कुणालाही लांबून ठिगळ दिसलं असतं.

चौथ्या दिवशी शेठ कोल्हापूरच्या कटरला घेऊन आले. तो माणूस वाईट नव्हता. ह्यांच्या पाया पडला, म्हणाला, मास्तर, तुमचं नाव ऐकून आहे. ह्यांनी डाव्या हातानं त्याला थांबवलं, उशाखालची आपली मोठी कातर काढली आणि त्याच्या हातात दिली. ती मी कधी उशाखाली ठेवली नव्हती. कधी, कुणाकडून मागून घेतली, आजवर मला माहीत नाही.

पलीकडच्या बोळात एक खोली मिळाली. आबांनी त्यांचं जुनं हातमशीन आणून दिलं. मी पोलकी शिवायला लागले. हातमशीनला घरघर नसते, नुसती टिकटिक. ह्यांना ती पुरायची नाही. दिवसभर आढ्याकडे बघत पडून असायचे. 'अगं'सुद्धा कमी झालं. मी बाज माझ्याकडे तोंड करून ठेवली होती आणि दारात पाण्याची बादली कायम भरलेली. हातभर कापड आलं तरी आधी बादलीत. बायका हसायच्या, म्हणायच्या, आमच्या पोलक्याला किती आंघोळी घालता? घालते, म्हणायची. तुमचं काय जातंय?

चैत्रातली गोष्ट आहे. भर दुपार. पत्रा तापलेला, मी एक पोलकं बेतायला घेतलं होतं. बाजेवरून आवाज आला, "पाणी."

कितीतरी दिवसांनी बोलले होते. मी लगेच कापड उचलून त्यांच्यासमोर धरलं. "दाखवलंय हो. सकाळीच बुडवून काढलंय. बघा, हात लावून बघा."

"पाणी."

"दोनदा बुडवलंय. शपथ."

"अगं, पाणी."

"बरं बाई, तुमचं समाधान होऊ दे," म्हणाले आणि बादलीत कापड घातलं, दाबून धरलं, बुडबुडे थांबेपर्यंत धरलं. आता चुकणार नव्हते मी. न पिळता, निथळत तसंच आणलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. "हे बघा. झालं ना मनासारखं?"

त्यांनी डावा हात वर केला, कापडाचं टोक धरलं, तोंडाशी ओढलं आणि चोखायला लागले.

मी कापड धरून उभी होते. उशाशी तांब्या होता, भरलेला.